मागचा माणूस

गरम सूपमधले पावाचे गोळे संपवून तिघं खानावळीतून बाहेर आले, तेव्हा टिरोलच्या त्या अरुंद खोऱ्यात ऊन तिरपं झालं होतं. नोटबुर्गानं गाडीतून नव्या स्कीची जोडी काढली आणि नवऱ्याच्या, विगिलच्या हातात दिली. आजवर त्यांच्या छोट्या कारखान्यातली प्रत्येक स्की तिच्या भावानं, लीन्हार्टनं आखलेली. ही मात्र विगिलची होती. कडक, भुसभुशीत, ओलं, कसलंही बर्फ असो, एकाच जोडीनं निभावलं पाहिजे, असा त्याचा हट्ट. लग्न करून या खोऱ्यात आल्यापासून मेव्हण्याच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसाला एवढी हौस असणारच.

"दाजी, पोट आवरा जरा," लीन्हार्ट म्हणाला. "स्की नव्या आहेत. आधीच धास्तावल्यात बिचाऱ्या."

"दादा, त्याला चिडवू नकोस, नाहीतर खालपर्यंत तोंड फुगवून येईल," नोटबुर्गा म्हणाली. "मी गाडी घेऊन खाली थांबते. चहा गार व्हायच्या आत या."

रोपवेनं दोघे माथ्यावर पोचले. वारा पडला होता आणि पश्चिमेकडून धुकं सरकत येत होतं. चाचणीची त्यांची रीत ठरलेली. नवी जोडी घातलेल्यानं पुढे निघायचं, उताराच्या मध्यावर काळा कडा आहे तिथं थांबायचं, मागे वळून काठी उंच धरायची. काठी दिसली की वरच्यानं निघायचं. आणि वरचा जवळ येईपर्यंत खालच्यानं पाठ फिरवायची नाही. या खोऱ्यात शेंबडी पोरंही हे मोडत नाहीत; पाठ फिरवणाऱ्याच्या मागे दुसराच कुणी लागतो, असं म्हातारी माणसं सांगतात.

"कड्यापाशी थांबा हं दाजी," लीन्हार्ट म्हणाला. "धुकं आहे."

"थांबतो हो!"

विगिल निघाला. माथ्यावर बर्फ काचेसारखं कडक होतं. स्कीच्या कडा त्यात करकरत रुतल्या आणि घट्ट धरून राहिल्या. पुढे वाऱ्यानं लोटलेलं भुसभुशीत बर्फ लागलं. इथे जुन्या स्की नाक खुपसायच्या, या मात्र अलगद वर आल्या. विगिलला आनंदानं ओरडावंसं वाटलं. काळा कडा समोर आला. खाली ओलं, जड बर्फ पसरलं होतं. आता थांबलो तर या वेगात तिथं शिरल्यावर काय होतं ते कळायचंच नाही, असं त्याच्या मनात आलं. तो थांबला नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला. करकर... करकर... कुणीतरी त्याच्या मागोमाग येत होतं. चला, खुणेची वाट न बघताच निघाले वाटतं, असं म्हणून विगिल निर्धास्त झाला.

"बघितलंत ना?" तो मागे न बघताच ओरडला. "कशी चालतेय!"

उत्तर आलं नाही. लीन्हार्ट असा गप्प बसणारा नव्हे.

ओल्या बर्फात शिरताच विगिलच्या स्कीचा आवाज बंद झाला. मागचा आवाज मात्र तसाच राहिला. पायाखाली लोण्यासारखं बर्फ आणि मागे कडक बर्फावर घासणाऱ्या कडा... करकर... अगदी पाठीशी. धुक्यात ओल्या लोकरीचा वास पसरला. विगिलच्या मानेवर काटा आला. आता वळून बघायला हवं होतं. त्यानं बघितलं नाही. आधी मस्ती होती म्हणून, आता भीती होती म्हणून. तो नुसता पळत सुटला.

नोटबुर्गा गाडीपाशी पेला घेऊन उभी होती. तिनं त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"दादा कुठाय?"

"मागेच... मागेच होते." मग त्याच्या तोंडून ते निघून गेलं. "मी कड्यापाशी थांबलो होतो."

बायकोच्या डोळ्यांत बघून खोटं बोलल्यावर त्याला तोंड कुठे लपवू असं झालं. तरी शब्द परत घेता आले नाहीत.

बचाव पथकाची माणसं वर गेली. अंधार पडायच्या आत त्यांनी लीन्हार्टला खाली आणलं. कड्याशेजारच्या घळीत तो छातीपर्यंत बर्फात अडकला होता, पाय मोडला होता. काठी दिसली नाही म्हणून विगिल घळीत पडला असेल असं समजून तो त्याला शोधायला उतरला होता.

"दाजी होते माझ्यापाशी," लीन्हार्ट सगळ्यांसमोर म्हणाला. "पूर्ण वेळ. माझे हात चोळत बसले होते, म्हणून जगलो."

लोकांनी विगिलची पाठ थोपटली. थंडीनं माणसाला वेळेचं भान राहत नाही, आधी बसला असेल आणि मग मदत आणायला खाली आला असेल, असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं. नवरा किती वेळ आपल्याशेजारी उभा होता हे नोटबुर्गाला मात्र ठाऊक होतं. तिनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेपुढे विगिल शरमेनं अर्धमेला झाला.

सकाळी तो एकटाच इस्पितळात गेला. लीन्हार्ट जागा होता. विगिल खाटेशेजारी दाराकडे पाठ करून बसला.

"मी थांबलो नव्हतो," तो अखेर म्हणाला. "वळूनही बघितलं नाही. घळीत तुमच्यापाशी होता तो मी नव्हतो."

"माहीत आहे," लीन्हार्ट म्हणाला. "तो एक शब्द बोलला नाही. तुम्ही इतका वेळ गप्प राहाल होय?"

"मग माझं नाव का घेतलंत?"

"मला वाटलं, खरं सांगितलं तर तुम्हाला या खोऱ्यात तोंड दाखवता येणार नाही. नोटबुर्गाचं काय होईल..."

विगिल रडू लागला. मेव्हण्याचा हात धरून लहान पोरासारखा रडला. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"पण दादा... तो कोण होता?"

लीन्हार्टची नजर विगिलच्या खांद्यावरून दाराकडे गेली होती. खोलीत ओल्या लोकरीचा वास येऊ लागला. विगिलचे अश्रू थिजले. मान वळवायची होती. एकदाच, एवढीशी. त्यानं जीव एकवटला, पण मान वळेना.

लीन्हार्ट दाराकडे बघत हलकेच, समजुतीच्या सुरात म्हणाला, "नाही बघत दाजी... अजून नाही."