गयाबाईकडे रोज येणारी

दामिनी भिलाईला गेली ती कामासाठीच. कारखान्यातल्या क्रेनचे पोलादी दोर तपासायचे, अहवाल द्यायचा आणि पुण्याला परतायचं, एवढंच. दुसऱ्या दिवशी काम बारालाच आटपलं. गाडी संध्याकाळची होती. मधला वेळ कुठे घालवावा याचा विचारही करावा लागला नाही. ऑटोत बसल्याबरोबर तिच्या तोंडून आपसूक निघालं, "खुर्सीपार."

वीस वर्षांनी ती खुर्सीपार वस्तीतल्या त्या गल्लीत पाऊल टाकत होती. तिचं बालपण इथलंच. बाबा ठेकेदाराकडे कामाला, आई अंथरुणाला खिळलेली. शाळेतून आलेल्या दामिनीला रोज जेवू घालायची ती शेजारची गयाबाई. गाव सुटल्यावर आधी पत्रं गेली, मग अधूनमधून फोन, मग तेही नाही.

मे महिन्याची दुपार. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वीज गेलेली असावी, कारण एकाही खिडकीतला कूलर वाजत नव्हता. कारखान्याची घरघर तेवढी जमिनीतून तळपायांत चढत होती, आणि हवेत तोच जळक्या कोळशाचा वास. दुसऱ्या कुणी नाक दाबलं असतं. दामिनीने तो छातीभरून घेतला.

गयाबाईचं दार नुसतं लोटलेलं होतं.

"आली का वो?" आतल्या काळोखातून आवाज आला. "आज उशीर केला."

खाटेवर गयाबाई बसली होती. केस पांढरेशुभ्र, डोळ्यांवर हिरवट काळा चष्मा. दामिनीने वाकून तिच्या पायांना हात लावला.

"मावशी, ओळखलं का?"

"हे काय इचारनं झालं? डोळ्यात दवा टाक पयले. टाइम होऊन गेला."

म्हातारपणी काळ मागेपुढे होतो, असं दामिनीच्या मनात आलं आणि तिला भरून आलं. कोनाड्यातली बाटली घेऊन तिने गयाबाईची हनुवटी उचलली, चष्मा काढला आणि एक-एक थेंब सोडला.

गयाबाई शहारली. "तुहे हात आज थंडे कावून हायेत वो? रोज त गरम रायतेत."

दामिनीचा हात तसाच राहिला. "रोज...?"

"नाही त काय! माह्या पोराले, अंकुरले, कोरब्याहून सुट्टी नाही भेटली. तूच त बसली न दवाखान्यात माह्याजवळ, आपरेशनच्या टायमाले. मी म्हनो, जाय पोरी, तुले कामं असतीन. तू म्हने, मी कुठं जाऊन राहिली, मावशी..."

कोनाड्यात बाटलीच्या जागी एक कागद होता. औषधाच्या वेळा लिहिलेल्या आणि प्रत्येक वेळेपुढे बरोबरची खूण. मराठी अक्षरं दामिनीला आईने अंथरुणावरूनच शिकवली होती. बाकी सगळी नीट यायची, पण 'ळ' दामिनी कायम उलटा काढायची. कागदावर 'सकाळ' आठ वेळा लिहिलं होतं. आठही वेळा ळ उलटा. शेवटची खूण आज सकाळची होती.

"मावशी, ती... ती मी..."

गयाबाईने चाचपडत तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. "सारे गेले वो गल्लीतले. एक तूच नाही गेली."

मी नव्हते, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. दामिनीला ते बोलवेनात. तिने पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि म्हातारीला वारा घालत बसली. गयाबाईला झोप लागली, तोंड किंचित उघडं पडलं, तरी ती वारा घालतच राहिली. निघताना भिंतीवर लिहिलेला गयाबाईचा फोन नंबर तिने उतरवून घेतला.

बाहेर शेजारच्या ओट्यावर एक माणूस बंद कूलर उघडून बसला होता. तिला पाहून त्याने पाना खाली ठेवला.

"अरे दीदी? अभी तो सामने से सब्जी लेने गईं आप... अंदर कब आ गईं?"

भाजीबाजार ज्या बाजूला होता तिकडे न बघता दामिनी दुसऱ्या टोकाने बाहेर पडली. जवळजवळ धावतच.

गाडीने डोंगरगढ सोडलं, टेकडीवरचे दिवे मागे पडले, तेव्हा कुठे तिने फोन हातात घेतला. बराच वेळ घंटी वाजली.

"हॅलो," पलीकडून एक बाई म्हणाली.

आपलाच आवाज रेकॉर्ड करून ऐकावा आणि तो परका वाटावा, तसा तो आवाज होता. बोली मात्र दामिनीने केव्हाच सोडून दिलेली.

"मावशीचा आत्ताच डोळा लागला. कोन बोलून राहिलं?"

दामिनीने विचारलं, "त्या... बऱ्या आहेत ना?"

"हो, बऱ्या हायेत. भात खाल्ला थोडासाक. तुमी फिकर नोका करू, मी हावो न इथं." आवाजात इतकी माया होती की दामिनीचे डोळे भरून आले. मग तोच आवाज म्हणाला, "नाव सांगा तुमचं. उठली का सांगते."

दामिनीने तोंड उघडलं. ओठ हललेसुद्धा. पण कोणतं नाव सांगावं, हे काही केल्या तिला आठवेना.