कानबाईचा हत्ती

सुरतच्या बमरोलीतल्या खान्देशी माणसाला जगात कोणीही फसवू शकत नाही, असं चिंधाकाका ओट्यावर उभं राहून गंभीरपणे सांगत होते. सांगता सांगता त्यांचा अंगठा फॉरवर्ड दाबत होता.

गल्लीतल्या सगळ्यांचे मोबाईल वाजले. फोटोत रस्त्यावर एका देवीच्या मूर्तीचे तुकडे पडलेले, मागे एक निळा टेम्पो. खाली लिहिलेलं: ‘सुरतमध्ये कानबाईच्या मूर्तीची विटंबना. खान्देश अजून किती दिवस गप्प बसणार?’ पाठवणारं पेज होतं ‘खान्देशी गर्जना, सुरत’. त्याखाली चिंधाकाकांनी स्वतःची एक ओळ जोडली होती: ‘निळा टेम्पो ओळखा. आपल्याच गल्लीतला आहे.’

गल्लीत निळा टेम्पो एकच होता. धम्मपाल नावाच्या मुलाच्या बाबांचा, श्रीपतकाकांचा. ते मिलमधून मार्केटला साड्यांचे ताके पोचवायचे आणि दर श्रावणात कानबाईला विसर्जनासाठी तापीवर न्यायचे. भाडं घेत नसत.

त्या वेळी धम्मपालच्या मैत्रिणीच्या, हर्षदाच्या घरात तिची आजी सरलाबाई उद्याच्या कानबाईच्या सणाची तयारी करत होती. हर्षदा डोळे रंगवत होती आणि तिचा धाकटा भाऊ चेतन नथ पुसत होता. डोळे आणि नथ दोन्ही एका जुन्या नारळासाठी होते.

“ताई,” चेतन म्हणाला, “बाहेर म्हणतायत मूर्ती फोडली. पण कानबाई तर नारळ असते ना?”

हर्षदाचा हात थांबला. “चल.”

ते ओट्यावर गेले. चिंधाकाकांभोवती बरीच माणसं जमली होती.

“काका, कानबाईची मूर्ती नसतेच. नारळ असतो.”

“असेल कुणाकडे मूर्ती. सुरत मोठं शहर आहे.”

“तुमच्याकडे काय आहे?”

“नारळ.”

“आणि तुमच्या भावाकडे?”

“हर्षदा, मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये,” काका म्हणाले. उत्तरं संपली की ते असंच म्हणत.

दुपारपर्यंत टेम्पोचा पुढचा दिवा फुटला होता आणि दोन टायर बसले होते. कोणी केलं ते कोणीच पाहिलं नव्हतं, जरी गल्ली माणसांनी भरलेली होती. उद्या संध्याकाळी आरतीला सगळे जमतील तेव्हा श्रीपतला गल्लीत ठेवायचं की नाही ते ठरेल, असं ग्रुपवर आलं.

मुलं धम्मपालच्या घरी पोचली तेव्हा श्रीपतकाका पिशवी भरत होते.

“चार दिवस उधन्याला बहिणीकडे जाऊ. तापलेत सगळे.”

“तुम्ही जा,” धम्मपालची आई अंजनाबाई म्हणाल्या. त्या पोळ्या लाटत होत्या आणि लाटणं थांबलं नाही. “मी दार उघडं ठेवून इथेच बसणार. आपण काही फोडलं नाही. आज निघून गेलो तर फोडलं असंच होईल.”

श्रीपतकाकांनी पिशवी खाली ठेवली.

धम्मपाल बाहेर आला आणि तिघं जिन्यावर जाऊन बसले. हर्षदाने आजीचा मोबाईल आणला होता. आजी त्यावर फक्त भजनं ऐकायची, त्यामुळे तो दिवसभर रिकामाच असे.

“पेजची माहिती उघड,” धम्मपाल म्हणाला. “नाव कधी बदललं, कुठून चालवतात, सगळं दिसतं.”

दिसलं. ‘खान्देशी गर्जना, सुरत’चं जुनं नाव ‘मजेदार मांजरी’ होतं. चालवणारे सगळे परदेशात.

“एवढ्या लांबून?” चेतन म्हणाला. “त्यांना तिथे काम नाही का?”

“हेच काम असेल,” धम्मपाल म्हणाला. त्याने तो फोटो शोधायला टाकला. तोच फोटो दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या शहराच्या नावाने, दुसऱ्या देवीच्या नावाने निघाला. तिथे टेम्पो लाल होता.

“म्हणजे आपण कोण ते त्यांना माहीतही नाही,” हर्षदा हळू म्हणाली. “आपण एकमेकांशी भांडलो की झालं.”

“मग नाही भांडत, जा,” धम्मपाल मोबाईलकडे बघून म्हणाला.

त्यांनी हे सगळं चिंधाकाकांना दाखवलं. काकांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं.

“परदेशातही आपली माणसं असतात. तिथे बसून आपली काळजी करतात. नाहीतर तुम्ही.”

“आणि मांजरी?”

“माणूस सुधारू शकत नाही का?”

मुलं परत जिन्यावर आली.

“यांना खरं दाखवून उपयोग नाही,” धम्मपाल म्हणाला. “खोटंच दाखवायला हवं. पेजवर लिहिलंय बघ, ‘तुमच्याकडची बातमी आम्हाला पाठवा.’ आपण पाठवू.”

“म्हणजे आपणही खोटं पसरवायचं?” हर्षदाला ते पटेना.

“असं खोटं, जे आपल्याकडचं शेंबडं पोरही मानणार नाही. आणि ज्यात कुणाचा बाप अडकणार नाही.”

हर्षदाने मोबाईल त्याच्या हातात दिला.

चेतन बराच विचार करून म्हणाला, “हत्ती.”

आजीच्या मोबाईलवरून निरोप गेला: ‘कानबाईचा पवित्र हत्ती सचिन गावाजवळ अडवून पळवून नेला. कृपया आवाज उठवा.’ लगेच उत्तर आलं: ‘धन्यवाद सर.’

चेतनच्या हातातली भजी संपायच्या आत पेजवर एक हत्ती उभा होता. झूल पांघरलेला आणि डोळ्यांत पाणी. त्याला सोंड एक होती, पण पाय पाच. खाली लिहिलं होतं: ‘आधी मूर्ती, आता कानबाईचा हत्ती. खान्देश, जागा हो.’

मुलांनी तो कुणालाही पाठवला नाही. ते काम चिंधाकाकांनी केलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी हर्षदाच्या घरात नारळाची कानबाई नथ घालून चौरंगावर बसली होती. आरती झाली, पण कोणी हललं नाही. श्रीपतकाका आणि अंजनाबाई दारात उभे होते. धम्मपाल त्यांच्या पुढे होता.

चिंधाकाका खाकरले. “मूर्तीचं तुम्हाला माहीत आहे. पण हे लोक आता तिथे थांबलेले नाहीत. काल आपल्या कानबाईचा हत्तीही पळवला.”

सरलाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

“चिंधा,” त्या म्हणाल्या, “कानबाईले हत्ती कधी व्हता रे?”

मागे कोणीतरी हसलं. काकांनी मोबाईल पुढे केला. “फोटो आहे, मावशी.”

“पाय मोजा,” चेतन म्हणाला.

दोघातिघांनी मोजले. मग हर्षदाने आजीचा मोबाईल सगळ्यांसमोर धरला आणि कालचा निरोप वाचून दाखवला. पाठवणाऱ्याचं नाव सरलाबाई होतं.

“मी?” सरलाबाई म्हणाल्या.

“आजी, तुझ्या नावावर आम्ही. ज्यांनी आमचा हत्ती खरा मानला, त्यांनीच मूर्तीचा फोटो पाठवलाय. काका, तुम्ही दोन्ही पुढे ढकललेत. टेम्पोची ओळ मात्र परदेशातून नाही आली. ती तुमची आहे.”

सगळे काकांकडे बघायला लागले. त्यातल्या बऱ्याच जणांनीही कालपासून तेच पुढे ढकललं होतं, पण ते आता कोणाला आठवत नव्हतं.

“मी फक्त फॉरवर्ड केलं होतं,” काका म्हणाले. मग श्रीपतकाकांकडे वळून हात जोडू लागले.

“इथे नको,” अंजनाबाई म्हणाल्या. “जिथे लिहिलंत तिथे लिहा. नाव घालून. आणि दिवा कोणी फोडला तेही.”

काकांनी सगळ्यांसमोर उभं राहून लिहिलं. वेळ लागला, कारण या ओळीत त्यांना स्वतःचं नाव घालायचं होतं. दिवा फोडणारा त्यांचा पुतण्याच निघाला. दोन्ही टायर त्याच्याकडूनच बदलून घेतले.

“श्रीपत, सकाय टेम्पो लई ये,” सरलाबाई म्हणाल्या.

“आणतो. पण कानबाईजवळ पुढे धम्मपाल बसेल.”

“बसू दे. त्याच्याच डोक्यानं ती निघतेय.” त्यांनी तिन्ही मुलांना जवळ घेतलं. “शहाणी आहेत पोरं. पुन्हा माझ्या नावानं हत्ती पाठवलात तर मार खाल.”

सोमवारी निळा टेम्पो नव्या दिव्यासह तापीवर गेला. पुढे ढोल होता आणि मागे सगळी गल्ली.

मुलांनी तक्रार केली आणि काही दिवसांनी ते पेज बंद झालं. हत्ती मात्र अजून फिरतो आहे. परवा तो धुळ्याहून, चिंधाकाकांच्या मेव्हण्याकडून, काकांनाच आला. काकांनी तो पुढे पाठवला नाही. तो येताच त्यांचा रिचार्ज संपला होता.