बर्फावरचं नाणं

जिन्यात तिने आधी त्याची पिशवी धरली आणि मग त्याच्याकडे पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांचं वॉशिंग मशीन दुरुस्त करून तो खाली उतरत होता. पिशवीतून पाना डोकावत होता, तिला तेवढं पुरलं.

"फ्रीजर बघता येतो का तुम्हाला?"

"येतो. पण आधी पिशवी सोडाल का?"

तिने सोडली नाही. एका हातात पिशवी आणि खांद्यावर दोन महिन्यांचं बाळ, अशी ती वरात तिच्या घरात शिरली. एरवी अनोळखी माणसाशी बोलताना तिला घाम फुटायचा. आज लाजायलाही सवड नव्हती.

बाळ तिच्या ताईचं. ताई ऑपरेशनसाठी दवाखान्यात, भाऊजी तिच्या उशाशी. औषधं इतकी कडक की काही दिवस तिचं दूध बाळाला चालणार नव्हतं. म्हणून जाण्याआधी पंधरा दिवस ताईने दूध काढून, छोट्या पिशव्यांत भरून, प्रत्येकीवर तारीख घालून फ्रीजरमध्ये गोठवलं होतं. पावडरचं दूध बाळाला सोसत नव्हतं. एकदा दिलं, तर बाळ ओकून ओकून निपचित पडलं होतं. "तू आहेस म्हणून मी जाते," असं ताई म्हणाली होती. आणि आज चौथ्याच दिवशी दाराजवळच्या दोन पिशव्या बोटाला मऊ लागल्या.

"कधीपासून मऊ आहेत?" त्याने विचारलं.

"आठला जराशा होत्या. साडेआठला आणखी... नऊला आणखी."

"दर अर्ध्या तासाने उघडून बघता?"

"रात्री तासाने," ती हळूच म्हणाली. "चार दिवस."

तो हसला नाही, याचं तिला फार बरं वाटलं. त्याने कागदाची एक पट्टी फाडली, ती दारात धरून दार लावलं आणि म्हणाला, "ओढा." पट्टी हलेना. दुसऱ्या जागीही हलेना. खालच्या कोपऱ्यात मात्र ती अलगद तिच्या हातात आली.

"इथलं रबर कडक झालंय. बाहेरची हवा आत जाते आणि तिचा बर्फ होतो. मागच्या जाळीवर तोच चढलाय, म्हणून गार वारा पुढे येत नाही. त्यात तुम्ही सारखं..." तो थांबला.

"माझ्यामुळेच झालं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

"निम्मं रबरामुळे," तो घाईने म्हणाला. "पण बर्फ वितळायला फ्रीजर बंद करावा लागेल. तीन तास."

"बंद?" तिने फ्रीजरच्या दारावर हात दाबला. "आणि दूध?"

"माझ्या दुकानात थर्माकोलची पेटी आहे, बर्फाच्या पिशव्याही आहेत. दहा मिनिटांत आणतो. तोवर दार उघडायचं नाही."

"तुम्ही... नाही आलात तर?"

त्याने हत्यारांची पिशवी तिच्या पायाशी ठेवली. "ही ठेवून जातो. तुम्हाला आवडलेली दिसतेय."

दहा मिनिटं ती फ्रीजरच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. अकरावं मिनिट संपता संपत नव्हतं. शेवटी जिन्यात धापा टाकल्याचा आवाज आला, तेव्हा तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

कडक पिशव्या भराभर पेटीत गेल्या. मऊ झालेल्या दोन आजच वापरायला म्हणून खाली फ्रीजमध्ये. पेटीत वरच्या बाजूला त्याने बर्फाचा ट्रे ठेवला आणि एका खणातल्या बर्फावर खिशातलं नाणं. "बर्फ वितळला तर हे बुडेल. वर राहिलं तर दूध सुखरूप."

झाकण लागलं आणि लगेच तिचा हात झाकणाकडे गेला. मग तो सरळ पेटीवरच बसला.

"आता उघडा बघू, मावशी."

"मला मावशी म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

तिचे कान तापले. ती बाळाला दूध पाजायला बसली. त्याने गरम पाण्यात पिळलेलं फडकं रबरावर दाबून धरलं आणि रबर मऊ केलं, बर्फाचं पाणी टिपलं, आणि दर वेळी न चुकता पेटीवर येऊन बसला. एकदा तिच्या लक्षात आलं, त्याचा गुडघा सारखा हलतोय.

"तुम्हालाही भीती वाटतेय?"

"सकाळपासून," तो म्हणाला. "बाळाचं दूध कधी सांभाळलं नव्हतं. तुमच्यासमोर बोललो नाही एवढंच."

ती त्याच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली. का कोण जाणे, घाबरलेलं आणखी कुणीतरी आहे म्हटल्यावर तिला श्वास घेता आला.

तीन तासांनी झाकण उघडलं तेव्हा दोघांनीही डोळे मिटले होते. नाणं बर्फावर होतं.

सुरू केलेला फ्रीजर पुरेसा गार होईपर्यंत तो पेटीवरून उठला नाही. मग पिशव्या आत गेल्या, जाळीपुढे मोकळी जागा सोडून, आणि ट्रेही. "आता उद्या नऊला बघायचं. एकदाच," असं सांगून, फोन नंबर ठेवून तो गेला.

रात्री ती चार वेळा दारापाशी जाऊन परत आली. एकदाही उघडलं नाही. सकाळी नऊला उघडलं, तर पिशव्या दगडासारख्या आणि नाणं वर. तिने लगेच फोन लावला.

"वर आहे," ती म्हणाली. "सगळं ठीक आहे."

"छान झालं," तो म्हणाला. मग फोन कुणीच ठेवेना. तिला नवीच भीती वाटली — सगळं ठीक आहे म्हटल्यावर आता हा कशाला येईल?

"रबर पुन्हा बघावं लागेल, असं सांगणार होतो," तो शेवटी म्हणाला. "पण ते खोटं झालं असतं. रबर चांगलं आहे. मलाच यायचं होतं."

"मग या ना," ती म्हणाली, आणि तिच्या छातीतली धडधड त्याला ऐकू जाईल की काय असं तिला वाटलं. "कधी येताय?"

"जिन्यात आहे."

बाळाला खांद्यावर घेऊन तिने दार उघडलं. तो रिकाम्या हातांनी उभा होता.

"पिशवी कुठाय?"

"आणली नाही. आज काम नाहीये."

पिशवी नव्हती, म्हणून तिने त्याची बाही धरली आणि त्याला घरात घेतलं.