शिळेवरचं ऊन

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची. पटली नाही तर सोडून द्या, पण थाप म्हणू नका. त्यानंतरचा तिचा चेहरा मी पाहिलाय.

रात्र नव्हती. हिवाळ्यातली दुपार, साडेचारची वेळ. जागा म्हणजे एका बंद पडलेल्या चर्चमागची दफनभूमी.

मावशी जुन्या कबरींवरच्या शिळांचे फोटो काढते. अक्षरं झिजलेली असतात, समोरून काही वाचता येत नाही. मग आरशाने बाजूने ऊन पाडायचं, की अक्षरं वर येतात. कॅमेरा मावशीचा, आरसा काकांचा. बावीस वर्षांचा संसार आणि तेवढीच वर्षं ही जोडी. ती त्यांना 'आरसेवाले' म्हणायची. काकांचा हात थरथरायचा, तोंडाची टकळी थांबायची नाही. पण ते सोबत असायचे म्हणूनच ती असल्या ओसाड जागी बिनधास्त जायची.

त्या दिवशीची शेवटची शिळा कोपऱ्यात होती. काका झुडपापलीकडे उभे होते. मावशीला फक्त त्यांनी पाडलेलं ऊन दिसत होतं.

"अहो, जरा खाली घ्या."

ऊन खाली आलं.

"थोडं डावीकडे."

लगेच सरकलं. एरवी चारदा ओरडावं लागायचं. आज सूर्य कुठून उगवला, असं म्हणत ती मनात हसली.

शिळेवर एका बाईचं नाव उमटलं. वय बत्तीस. खाली नवऱ्याचं नाव असावं, पण ती ओळ कोणीतरी छिन्नीने खरवडून काढली होती.

तिने भराभर फोटो घेतले. मग तिच्या लक्षात आलं...

काका मघापासून बोललेच नव्हते.

आणि ऊन जराही थरथरत नव्हतं.

"आरसेवाले, उभ्या उभ्या झोपलात की काय?"

 

तिने मान वर केली. सूर्य केव्हाच चर्चच्या आड गेला होता. सगळ्या आवारावर सावली पसरली होती...

तरी शिळेवर ऊन होतं.

मावशी झुडपामागे धावली. तिथे कोणीच नव्हतं. आरसा गवतात पालथा पडला होता. तिने वळून पाहिलं, तर ऊन अजून शिळेवरच...

ती फाटकाकडे पळत सुटली. ह्यांना काही झालं तर नसेल ना, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

फाटकाबाहेर लावलेली त्यांची गाडी जागेवर नव्हती.

तिने फोन लावला. वाजत राहिला. सहा वेळा.

तासभर चालून ती घरी पोचली. गाडी दारात उभी. घरातले सगळे दिवे लागलेले. तिने दार वाजवलं. आतून पावलं आली आणि दाराशी थांबली.

"एकटीच आहेस ना?"

काकांचा आवाज. कडी निघाली नाही.

"तुम्ही मला तिथे टाकून आलात?"

"अगं, कोणीतरी माझ्या हातातून आरसा काढून घेतला. अलगद. बोटं... बर्फासारखी होती."

"मग मला हाक का नाही मारलीत?"



"ते तुझ्याकडे बघत होतं. हाक मारली असती तर माझ्याकडे वळलं असतं."

भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं आपण हसत म्हणतो. मावशी पायरीवर बसून ढसाढसा रडली.

याला तीन वर्षं झाली. दोघं एकाच घरात राहतात. काकांनी शंभरदा माफी मागितली. मावशी कामाला एकटीच जाते. तो आरसा तिने परत आणला नाही, नवाही घेतला नाही.

परवा तिने मला ताजे फोटो दाखवले. प्रत्येक शिळेवर बाजूने ऊन पडलेलं. एकदम स्थिर.

"मावशी, हे ऊन कोण पाडतं गं?"

तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे काका पेपर वाचत होते.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण मला टाकून पळत नाही."

मला चहा पिववला नाही. मी तसाच उठलो.