फूल आल्याशिवाय सांगता येत नाही

त्याची बाही गुलाबात अडकली तेव्हा तो आपल्या वाटेनं सरळ चालला होता. कुंपणावरून रस्त्यात वाकला होता तो गुलाब. चूक कुणाची, हे उघड होतं.

"हलू नका," कुंपणापलीकडून आवाज आला.

"नाही हलत. फारसं लागलेलं नाही."

"तुमचं नाही म्हणत. फांदी तुटेल."

ती बाहेर आली. ती दातांची डॉक्टर आहे हे त्याला नंतर कळलं. पण तिनं बाहीतून एकेक काटा ज्या बेतानं उपसला, त्यावरून शंका यायला हरकत नव्हती. तेवढ्या वेळात त्यानं तिच्या भुवईवरचा मातीचा ठिपका पाठ केला.

ज्यांची नावं लोक विसरलेत असे जुने गुलाब ओळखणं, हे त्याचं सार्वजनिक बागेतलं काम. ते ऐकल्यावर तिनं विचारलं, "मग हा कोणता? आईनं लावलेला. आई गेली, नाव तिच्याबरोबर गेलं."

त्यानं पान उलटलं. देठाच्या बुडाशी कंगव्याच्या दातांसारखी झालर होती. म्हणजे हा खुंट. ज्या रानटी मुळावर चांगल्या गुलाबाचा डोळा बसवतात, ते झाड. वरचा गुलाब केव्हाच मेला होता आणि खालचा खुंट लांबच्या नातेवाइकासारखा घरभर पसरला होता.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग परत यायला कारण उरलं नसतं.

"फूल आल्याशिवाय… सांगता येत नाही," तो म्हणाला. "वर्षातून एकदाच येतं. तोवर पानं बघत राहावी लागतात."

तो दर रविवारी पानं बघायला येऊ लागला. "या, तपासनीस," व्हरांड्यातून तिचे बाबा म्हणायचे, "पानं आहेत जागेवर." हिवाळ्यात पानं गळली. तो आलाच.

"आज काय बघणार?" तिनं विचारलं.

"काटे."

मग दोघांनी गंभीरपणे काटे बघितले.

कळ्या धरल्या तशी त्याची झोप उडाली. गुलाब उमलेल या धास्तीनं वाळत चाललेला माणूस जगात बहुधा तो एकटाच. पांढऱ्या चिल्लर फुलांचा एक घोस फुलला की सगळं उघडं पडणार. आणि आईच्या आठवणीवर आपण इतके महिने चहा प्यालो, हे तिला कळणार. शेवटी एका रविवारी तो ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळून आला.

"हा तुमच्या आईचा गुलाब नाही. खुंट आहे. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बोललो नाही… कारण पुन्हा यायचं होतं."

तिची कात्री चालूच राहिली.

"देठाची झालर ना? दिसते मलाही. बाबांची रोपवाटिका होती. शाळेच्या सुट्टीत मी कलमांचे डोळेच भरायचे."

"मग मला विचारलंत कशाला?"

"बाही सुटली तरी तुम्ही हलत नव्हतात." तिनं कात्री खाली ठेवली. "मला काहीतरी विचारणं भाग होतं."

"मांजरालासुद्धा ठाऊक आहे खुंट आहे ते," व्हरांडा म्हणाला. "चहा गार होतोय."

तो हसणार होता. पण तिचा चेहरा बघून थांबला. "मग काढून का नाही टाकलात?"

"आईचा गुलाब एका थंडीत गेला. मुळं मात्र तिनंच स्वतःच्या हातांनी मातीत लावलेली. उपटवेना…"

त्यानं फडकं सोडलं. आत एक काडी होती. "बागेतल्या सगळ्यात जुन्या झुडपाची. मी आल्यापासून ते एकदाही फुललेलं नाही. खुंट चांगला जोमदार आहे. डोळा धरेल."

तिनं चाकू आणला. सालीला चीर दिली, त्यानं डोळा आत सरकवला, तिनं पट्टी गुंडाळली. दोन हातांचं काम. चार हातांनी केल्यामुळे फार वेळ लागला.

"नाव काय याचं?"

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि या वेळी ते खरं होतं. "फूल आल्याशिवाय…"

"कधी येईल?"

"दोनेक वर्षं तरी."

पट्टीखाली त्याचं बोट अडकलं होतं. ते तिनं सोडवलं नाही.

"सावकाश ओळखा," ती म्हणाली. "घाई बाबांना आहे. मला नाही."