टेबलावरची बाई टाळी वाजवत नाही

पहिल्याच भेटीत मी त्याची चूक काढली. पुढचं सगळं रामायण त्या चुकीमुळे घडलं, असं माझी आई म्हणते.

सामना सुरू व्हायला दहा मिनिटं होती आणि मी गुणपत्रकाच्या टेबलावर बसले होते. एरवी मी छापखान्यात मुद्रितं तपासते. शनिवार-रविवारी कॉलेजांच्या बास्केटबॉल सामन्यांत गुण लिहिते. चुका शोधणं हा माझा धंदाही आणि शौकही. तर, सुरुवातीला उतरणाऱ्या पाच जणींचे नंबर प्रशिक्षकाने लिहून द्यायचे असतात. मुलींच्या संघाच्या नव्या प्रशिक्षकाने माझ्यापुढे चिठ्ठी ठेवली आणि तो वळला.

"सर, एक मिनिट. हा अकरा नंबर कोण?"

"कोण म्हणजे?"

"तुमच्या संघात सात आहे, नऊ आहे, पंधरा आहे. अकरा नाहीच."

सहा फूट दोन इंच उंचीचा माणूस कानापर्यंत लाल झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्याने चिठ्ठी परत घेतली, अकरा खोडून नऊ लिहिलं.

"माझा नंबर होता तो... खेळायचो तेव्हा," तो हळूच म्हणाला. "हाताची सवय जात नाही. कुणाला सांगू नका हं."

"टेबलावरची बाई कुणाला काही सांगत नाही. टाळीसुद्धा वाजवत नाही."

"टाळीसुद्धा नाही?"

"ज्याच्या हातात गुण, त्याने बाजू घ्यायची नसते. नऊ वर्षं झाली मला."

"कठीणच आहे की तुमचं," तो म्हणाला आणि हसला. त्याच्या उजव्या गालाला खळी पडते, ही नोंद गुणपत्रकात कुठे करायची ते मला कळेना.

त्यानंतर तो दर सामन्याला पाच मिनिटं आधी टेबलापाशी यायला लागला. चिठ्ठी देताना मुद्दाम विचारायचा, "बघा बरं, काही चुकलंय का?"

"आज नाही."

"अरेरे," तो म्हणायचा आणि खरोखरच खट्टू झाल्यासारखा जायचा.

सामने संपल्यावर आम्ही व्यायामशाळेच्या पायरीवर कागदी कपातली कॉफी प्यायचो. तिथेच तुकड्या-तुकड्यांनी मला त्याची गोष्ट कळली. तो याच कॉलेजात शिकला, याच कोर्टवर खेळला. दाराजवळच्या काचेच्या कपाटातले तीन करंडक त्याच्या संघाचे. शेजारच्या फोटोत तो मधोमध उभा, अंगात अकरा नंबर, ओठावर नुकतं उगवलेलं मिसरूड. मी त्या मिसरुडावरून त्याला आठवडाभर छळलं. कॉलेजानंतर त्याची राज्याच्या संघात निवड झाली आणि दुसऱ्याच सरावात त्याचा गुडघा गेला. दोन शस्त्रक्रिया झाल्या. तेविसाव्या वर्षी डॉक्टर म्हणाले, चाला, पण उडी विसरा.

"मग?" मी विचारलं होतं.

"मग वर्षभर घरात तोंड लपवून बसलो. एक दिवस आईने हाकलून बाहेर काढलं. जवळच्या शाळेत लहान मुलांना चेंडू कसा धरायचा ते शिकवायला लागलो. सहा वर्षं तेच केलं." तो कपात बघत राहिला. "एक सांगू? स्वतःच्या बास्केटचा एवढा आनंद कधी झाला नव्हता, जेवढा त्यातल्या एका भित्र्या पोरीच्या पहिल्या बास्केटचा झाला."

ती भित्री पोरगी म्हणजे आताची त्याची कर्णधार. उंची जेमतेम पाच फूट, म्हणून सगळ्या तिला चिमणी म्हणतात. आदल्या वर्षी हा संघ एकही सामना जिंकला नव्हता. याने तो अंतिम फेरीपर्यंत आणला, पाचच महिन्यांत. अंतिम सामन्यावर त्याची नोकरीही अडकली होती. करार वर्षाचा होता, आणि क्रीडा सचिवांनी स्पष्ट सांगितलं होतं: करंडक आणा, नाहीतर दुसरी जागा बघा.

"मॅडम, तुमचा सामना असला की सर दोनदा दाढी करतात," चिमणीने एकदा माझ्या कानात सांगितलं.

आणि तरी या माणसाच्या तोंडून एक शब्द निघेना. कॉफी प्यायचा, बघायचा... बोलणार असं वाटायचं आणि बुटाची नाडी बांधायला वाकायचा. मी चिडायचे. आई म्हणाली, "एवढा ताडमाड माणूस, आणि जीभ तेवढी आखूड?"

अंतिम सामन्याला पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटची चाळीस सेकंदं उरली असताना फलकावर चौसष्ट–त्रेसष्ट दिसत होते. त्याचा संघ एका गुणाने पुढे, आणि चेंडू दुसऱ्या बाजूच्या हातात. मी माझ्या कागदाकडे पाहिलं.

कागदावर त्याच्या संघाचे बासष्टच होते.

दोनच मिनिटांपूर्वी चिमणीची एक बास्केट पंचांनी धक्क्यासाठी रद्द केली होती. मी ती लिहिली नव्हती. फलक चालवणाऱ्याने त्या गोंगाटात दोन गुण वाढवून टाकले होते आणि कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ना पंचांच्या, ना समोरच्या संघाच्या. मला ती नोकरी दिसली, गुडघा दिसला, ते रिकामं वर्ष दिसलं. खोटं कशाला बोलू? भोंग्याकडे गेलेला हात एकदा मागे आला. चेंडू रेषेबाहेर गेला, खेळ थांबला आणि मी टेबलावरचा भोंगा दाबला.

पंच आले. त्यांनी कागद पाहिला, मान हलवली. बासष्ट–त्रेसष्ट. सगळी व्यायामशाळा माझ्यावर ओरडत होती. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघूच शकले नाही.

शेवटच्या तीन सेकंदांत चिमणीने चेंडू टाकला. तो कड्यावर एकदा फिरला, दोनदा फिरला... आणि बाहेर पडला.

क्रीडा सचिव धावतच टेबलापाशी आले. गुणपत्रकाच्या तळाशी एक चौकट असते. निकाल मान्य नसेल तर कर्णधाराने तिथे सही करायची.

"कर सही," ते चिमणीवर ओरडले. "अख्ख्या गावाने फलक बघितलाय."

चिमणीने रडतच पेन उचललं आणि सरांकडे पाहिलं. तो टेबलाशी आला. माझ्याकडे नाही, कागदाकडे बघत होता.

"बास्केट रद्द झाली तेव्हा पंचांचा हात मी पाहिला होता," तो म्हणाला. "फलक नाही पाहिला, ती माझी चूक. कागद बरोबर आहे."

"तुम्हाला नोकरी नकोय का?" सचिवांनी विचारलं.

"हवी आहे. पण या पोरींना मी हे शिकवलेलं नाही."

चिमणीने डोळे पुसले, पेनाला टोपण लावलं आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. त्या दोघांचा मला फार अभिमान वाटला. मी गुणपत्रकाची पिवळी प्रत फाडून दिली. पिवळी प्रत हरलेल्या संघाची असते.

सगळे गेल्यावर मी पायरीवर आले तेव्हा तो तिथेच होता. हातात दोन कप होते.

"आता तुम्हाला आमच्या सामन्यांना टेबलावर बसता येणार नाही," तो म्हणाला.

"रागावलात?"

"नियम सांगतोय. ज्याच्या हातात गुण, त्याने बाजू घ्यायची नसते, असं तुम्हीच म्हणाला होतात." तो नाडीकडे वाकला नाही. "म्हणून पाच महिने गप्प बसलो. बोललो असतो तर तुम्ही पहिल्याच दिवशी ते टेबल सोडलं असतं. तुमच्यासारखी माणसं टेबलावर असावीत, आणि तुम्ही माझ्याही असाव्यात... दोन्ही एका वेळी कसं जमायचं? आज शेवटचा सामना झाला. आता सांगतो. मला तुम्ही फार आवडता. त्या अकरा नंबरापासून."

"मी तुमचा करंडक घालवला."

"करंडक आम्ही घालवला. शेवटचा चेंडू आत गेला असता तर तोच कागद आम्हाला जिंकवून गेला असता." मग म्हणाला, "बघा बरं, काही चुकलंय का?"

"चुकलंय," मी म्हणाले. "अजून मला अहो-जाहो करतोयस."

नोकरी कायम झाली नाही. पण मुलीच प्राचार्यांकडे जाऊन बसल्या, आणि सचिवांच्या नाकावर टिच्चून त्याला आणखी एक वर्ष मिळालं. पिवळी प्रत त्याने काचेच्या कपाटात लावली, तीन करंडकांच्या शेजारी.

नव्या हंगामाचा पहिला सामना मी प्रेक्षकांत बसून पाहिला. डाव्या हाताला आई, बोटात त्याची अंगठी. टेबलावर दुसरीच मुलगी होती. तिने चिठ्ठी वाचली, मैदानाकडे पाहिलं आणि काही न विचारता लिहून घेतली. अकरा नंबर आता संघात होता. चिमणीच्या अंगावर तो गुडघ्यापर्यंत लोंबत होता.

तिसऱ्या मिनिटाला तिने लांबून चेंडू टाकला. तो थेट आत गेला. त्याने बाकावरून मागे वळून मला शोधलं, आणि मी उभी राहिले. दहा वर्षांची शिल्लक होती. आई म्हणाली, पुरे आता, लोक बघतायत. पण हाताला झिणझिण्या येईपर्यंत मी टाळ्या वाजवत राहिले.