इंचभर भोक

बोट पाण्यातून ट्रेलरवर चढवायला दोन माणसं लागतात, एक गाडीत आणि एक पाण्यात. पाण्यात नेहमी दादा असायचा. आज त्याच्या जागी धाकटा भाऊ गुडघाभर पाण्यात उभा राहून पट्टा ओढणाऱ्या विंचचं हँडल फिरवत होता आणि गाडीत वहिनी होत्या.

धाकटा पाणीपुरवठा खात्यात मीटर दुरुस्त करायचा. वाहता नळ दिसला की मिनिटाला किती लिटर, हे तो उभ्या उभ्या सांगे. घरात त्याचं नावच 'मीटर' पडलं होतं.

बोट विकली होती. घेणारे मास्तर सकाळी ती पाण्यात फिरवून, पसंत करून, ओढून न्यायला स्वतःची गाडी आणायला गेले होते. अकराला येणार होते. बोट एकदा नजरेआड झाली की सुटलो, असं धाकटा वर्षभर स्वतःला बजावत आला होता.

पट्टा ताणला गेला. बोटीचं नाक रबरी रोलरला टेकलं.

"घ्या वहिनी, सावकाश."

ट्रेलर पाणी निथळत उतार चढून वर आला. वहिनी खाली उतरल्या आणि कमरेवर हात ठेवून बोटीकडे बघत राहिल्या.

"बूच काढा भावजी. एवढं एक बूच ह्यांनी आठवणीने लावलं असतं, तर आज इथे असते. शेवटपर्यंत धांदरटच!"

धाकट्याने मान खाली घातली.

बोटीच्या मागच्या फळीत, अगदी तळाशी, इंचभराचं भोक असतं. बोट वर आली की त्यातलं बूच काढून आत साचलेलं पाणी जाऊ द्यायचं आणि पुन्हा पाण्यात नेण्याआधी बूच घट्ट बसवायचं. भावाभावांत हे काम धाकट्याचं होतं. वर्षापूर्वी दादा एकटाच आला होता आणि इथूनच त्याने फोन केला होता, "बूच लावलंयस ना रे?" धाकटा जेवत होता. "हो, जा बिनधास्त," म्हणाला. संध्याकाळी पँट धुवायला टाकताना बूच खिशात सापडलं. दादाला पोहता येत नाही, ही घरातली जुनी थट्टा होती. त्या दिवसापासून ती कुणी केली नाही.

दादा सापडला तेव्हा त्याच्या उजव्या अंगठ्याची कातडी सोलून निघाली होती. दगडावर घासलं असेल, असं डॉक्टर म्हणाले. धाकट्याला मात्र बघताक्षणी कळलं होतं. तो गप्प बसला. ते बूच अजून त्याच्या कपाटात मोज्यांखाली होतं.

आजचं बूच नवं होतं. त्याने ते फिरवून काढलं. पाण्याची धार आली.

तासाभरात फार तर बादलीभर पाणी साचतं. धार पाच मिनिटं चालली, मग दहा. धाकट्याने सवयीने घड्याळ लावलं. मिनिटाला तीस लिटर. वीस मिनिटांत सहाशे लिटर पाणी उतारावरून खाली गेलं होतं आणि धार तसूभरही बारीक झाली नव्हती. एवढ्या ओझ्याने ट्रेलर जमिनीला टेकायला हवा होता. त्याच्या स्प्रिंगा मात्र नेहमीपेक्षा बोटभरच दबल्या होत्या.

वहिनींनी टाचा उंचावून बोटीत डोकावलं.

"आत तर कोरडं ठणठणीत आहे, भावजी."

"असं कसं होईल?"

"या, बघा."

तो गेला नाही. बूच परत बसवायला लागला, पण आटे धरेनात. बूच हातातून निसटलं, टणटणत उतारावरून घरंगळलं आणि पाण्यात गेलं. अकराला दहा मिनिटं होती. दुसरं काहीच सुचेना, म्हणून त्याने भोकात अंगठा घातला.

धार थांबली.

"थांबलं?" वहिनींनी विचारलं.

आतून धाकट्याच्या अंगठ्याच्या टोकाला काहीतरी टेकलं होतं. गार. मऊ. कातडी नसलेलं. जिवाच्या आकांताने दाबून धरलेलं.

"वहिनी."

"काय झालं? पांढरेफटक पडलात."

"बूच माझ्या खिशात होतं. त्या दिवशी. दादाने विचारलं आणि मी न बघताच हो म्हणालो."

वहिनींनी बोटीच्या काठावर हात ठेवला.

"म्हणजे हे..."

"अंगठा लावून बसला होता. शेवटपर्यंत."

वहिनी चाकावर पाय देऊन वर चढल्या आणि बोटीत उतरल्या. स्प्रिंगा करकरल्या. मग त्यांचा आवाज आला. नेहमीचा, घरातला.

"अहो, सोडा आता. वर आलोय आपण."

अंगठ्यावरचा दाब हळूहळू गेला. धाकट्याने हात बाजूला घेतला. भोकातून थेंबही आला नाही.

वहिनी चाकावरून खाली उतरल्या. त्याच्याकडे न पाहता गाडीकडे चालू लागल्या. त्यांच्या वजनाने दबलेल्या स्प्रिंगा वर आल्या.

थोड्या वेळाने स्प्रिंगा आणखी बोटभर वर आल्या.